पाना-पक्कड घेऊन भंगारात: अमेरिकेतल्या ‘यू-पुल’ यार्डातून गाडीचे पार्ट कसे आणायचे

अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला आलेल्या आपल्या मंडळींची पहिली गाडी जवळजवळ ठरलेली असते: दहा-पंधरा वर्षं जुनी कॅमरी, कोरोला, सिव्हिक नाहीतर अकॉर्ड. इंजिन ठणठणीत, पण हळूहळू बारीकसारीक कुरबुरी सुरू होतात. पार्किंगमध्ये कोणीतरी आरसा उडवून जातं, मागचा दिवा फुटतो, दाराचं हँडल हातात येतं, काच एकदा खाली जाते ती वर यायचं नाव घेत नाही. डीलरकडचा नवा पार्ट आणि वर तासाच्या हिशेबाने मजुरी, असा आकडा ऐकला की गाडी ठेवावी की विकावी हाच प्रश्न पडतो. अशा वेळी कामाला येतात ती ‘यू-पुल’ यार्डं.

पद्धत सोपी आहे. विमा कंपन्यांनी निकालात काढलेल्या, टो होऊन बेवारस राहिलेल्या, मालकांनी कंटाळून विकलेल्या गाड्या ही यार्डं घेतात. पेट्रोल, ऑइल, कूलंट, एसीचा गॅस काढून घेतात आणि गाड्या मैदानात रांगांनी मांडून ठेवतात. आपण दोन-तीन डॉलर प्रवेश फी भरून आत जायचं, आपल्याच हत्यारांनी हवा तो पार्ट काढायचा आणि बाहेर पडताना काउंटरवर पैसे द्यायचे. काही आठवड्यांनी उरलेला सांगाडा क्रशरमध्ये जातो आणि त्या जागी दुसरी गाडी येते.

मुंबईत कुर्ल्याला किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात दुकानदार पार्ट समोर आणून ठेवतो आणि मग घासाघीस सुरू होते. इथे घासाघीस नाही. दरपत्रक भिंतीवर आणि वेबसाइटवर लावलेलं असतं, आणि बहुतेक ठिकाणी दर पार्टाचा असतो, गाडीचा नाही. लेक्ससचा आल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा भाग) आणि कियाचा आल्टरनेटर एकाच भावात. साइड मिरर साधारण वीस ते चाळीस डॉलरच्या घरात मिळून जातो.

पिक-एन-पुल, एलकेक्यू पिक युअर पार्ट, पुल-अ-पार्ट, यू-पुल-अँड-पे या मोठ्या साखळ्या. बे एरियात पिक-एन-पुल, लॉस एंजेलिसच्या बाजूला पिक युअर पार्ट, अटलांटा आणि दक्षिणेकडे पुल-अ-पार्ट, डेन्व्हर-इंडियानापोलिसकडे यू-पुल-अँड-पे. न्यू जर्सीतली मंडळी पेनसिल्व्हेनियात हॅरीज यू-पुल-इटला जाऊ शकतात. याशिवाय गावोगावी एकट्या मालकाची यार्डं असतातच.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण नवखे इथेच फसतात. ‘जाऊन बघू, काहीतरी मिळेलच’ असं म्हणून निघालेला माणूस उन्हात तीन तास फिरून रिकाम्या हाताने परत येतो. अर्ध्याहून जास्त काम घरी, लॅपटॉपसमोर होतं. कुठला पार्ट, कुठल्या गाड्यांचा चालतो, त्या गाड्या कुठल्या रांगेत आहेत आणि काढायला काय काय लागतं, ही चार उत्तरं हातात असतील तरच निघा.

जाणं परवडतं का, ते आधी बघा

सगळ्यात पहिल्यांदा ऑनलाइन पार्ट विकणाऱ्या रॉकऑटोच्या साइटवर तोच पार्ट नवा केवढ्याला आहे ते पाहा. पंधरा डॉलरला नवा सेन्सर घरपोच मिळत असेल तर त्याच्यासाठी चाळीस मैल गाडी हाकण्यात अर्थ नाही. यार्डाचा खरा फायदा ज्या वस्तू झिजत नाहीत आणि नव्या घेतल्या तर महाग पडतात त्यांच्यात आहे: आरसे, दिवे, दारं, बॉनेट, फेंडर, दाराची हँडलं, खिडकीचे स्विच आणि मोटर, वायपरची मोटर, सीट, सन व्हायझर, ग्लोव्ह बॉक्सचं झाकण, प्लॅस्टिकची ती सगळी फुटलेली कव्हरं. आल्टरनेटर आणि स्टार्टरही चालतात, नीट पारखून घेतले तर.

चाकंही घेण्यासारखी. सेकंडहँड गाडीत पुष्कळदा स्टेपनी किंवा जॅकच नसतो, आणि ते कळतं हायवेच्या कडेला. रिम घेताना बोल्टांची संख्या मोजून थांबू नका. २००३ ते २००८ च्या कोरोलाला आणि कॅमरीलाही पाचच बोल्ट, पण बोल्ट ज्या वर्तुळावर असतात ते कोरोलाचं १०० मिमीचं आणि कॅमरीचं ११४.३ मिमीचं, एकीचं चाक दुसरीला बसत नाही. टायर घ्यायचाच झाला तर बाजूवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.

काही गोष्टी मात्र कितीही स्वस्त असल्या तरी आणायच्या नाहीत. ब्रेक पॅड, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, सीट बेल्ट. आणि एअरबॅग तर अजिबात नाही. ताकाता कंपनीच्या एअरबॅग इन्फ्लेटरमधलं अमोनियम नायट्रेट उष्णतेने आणि दमट हवेने खराब होत गेलं. अपघातात एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडाले आणि माणसं मेली. अमेरिकेत त्यापायी सुमारे ६ कोटी ७० लाख एअरबॅग परत मागवाव्या लागल्या. अशा एअरबॅग असलेल्या होंडा-टोयोटा यार्डात रांगेने उभ्या असतात. स्टिअरिंगला हात लावू नका.

कुठल्या गाडीचा चालेल

खरी गंमत इथे आहे. आपली गाडी २००९ ची कॅमरी असेल तर फक्त २००९ चीच कॅमरी शोधायची असं नाही. मॉडेलची एक पिढी पाच-सहा वर्षं चालते आणि त्यातले बहुतेक पार्ट सारखे असतात. कॅमरीच्या पिढ्या २००२–०६, २००७–११, २०१२–१७. कोरोलाच्या २००३–०८, २००९–१३. सिव्हिकच्या २००१–०५, २००६–११. अकॉर्डच्या २००३–०७, २००८–१२. म्हणजे २००९ च्या कॅमरीच्या दाराला २००७ ते २०११ मधली कुठलीही कॅमरी सेडान चालते.

पण पिढीच्या मधोमध कंपनी तोंडवळा थोडा बदलते आणि तिथे घोळ होतो. कॅमरीचे पुढचे-मागचे दिवे २०१० ला बदलले, कोरोलाचे २००५ ला आणि पुन्हा २०११ ला. सिव्हिकमध्ये सेडान (चार दारांची) आणि कूपे (दोन दारांची) यांची दारं, आरसे, मागचे दिवे वेगळे. त्यातही बारीक मेख म्हणजे २००७–११ च्या कॅमरीत जपानमध्ये बनलेल्या आणि अमेरिकेत बनलेल्या गाड्यांच्या दिव्यांत फरक आहे. ते ओळखायचं गाडीच्या व्हिन नंबरवरून, म्हणजे ओळख क्रमांकावरून: पहिलं अक्षर जे असेल तर जपान; १, ४ किंवा ५ असेल तर अमेरिका. १७ अक्षरांच्या या नंबरातलं दहावं अक्षर मॉडेलचं वर्ष सांगतं. २००१ ते २००९ साठी १ ते ९, २०१० साठी ए, २०११ साठी बी, पुढे असंच. व्हिन डॅशबोर्डच्या काचेतून दिसतो आणि ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरही असतो.

त्याच स्टिकरवर रंगाचा कोड असतो. टोयोटाच्या स्टिकरवर ‘सी/टीआर’ असं लिहिलेल्या ओळीतला पहिला भाग तो. उदाहरणार्थ १एफ७ म्हणजे क्लासिक सिल्व्हर, जी अमेरिकेतल्या प्रत्येक पार्किंगमध्ये दिसते. आपला कोड मोबाइलमध्ये लिहून ठेवा. त्याच कोडचा आरसा किंवा दार मिळालं तर रंगकामाचे पैसे वाचतात. उन्हाने थोडी छटा फिकी-गडद निघेल, तेवढं चालवून घ्यायचं.

आता जुळ्या गाड्यांबद्दल. पॉन्टिअॅक व्हाइब ही नावाला जनरल मोटर्सची, पण मुळात टोयोटा मॅट्रिक्सच. ती कॅलिफोर्नियात फ्रीमाँटच्या नुमी कारखान्यात बनायची, जो टोयोटा आणि जनरल मोटर्सने मिळून चालवला आणि जिथे आता टेस्ला बनतात. २००३–०८ च्या साध्या व्हाइबमध्ये त्याच वर्षांच्या कोरोलाचंच १.८ लिटरचं इंजिन आहे. यार्डात मात्र व्हाइब अमेरिकन गाड्यांच्या विभागात उभी असते. टोयोटाच्या रांगेत सगळे आल्टरनेटर काढून नेलेले असतात, आणि तिकडे शेवरलेच्या गर्दीत व्हाइबचा शाबूत बसलेला असतो. तसंच १९९८–२००२ ची शेवरले प्रिझम म्हणजे त्या काळची कोरोला. सहा सिलिंडरची कॅमरी असेल तर लेक्सस ईएस आणि अॅव्हलॉन याही तिच्या बहिणी.

नक्की कुठला पार्ट कुठे चालतो हे पाहायला रॉकऑटोवर त्या पार्टच्या क्रमांकावर क्लिक करा. तो कुठल्या कुठल्या गाड्यांना आणि वर्षांना बसतो त्याची यादीच उघडते. फुकट आहे, आणि भंगारवाल्यांच्या जाड पुस्तकांइतकीच कामाची.

आणखी एक, खास आपल्या लोकांसाठी. इथे ड्रायव्हर डावीकडे बसतो, त्यामुळे दरपत्रकावर आणि बिलावर ‘ड्रायव्हर साइड’ म्हणजे डावी बाजू, ‘पॅसेंजर साइड’ म्हणजे उजवी. बाजू नेहमी गाडीत बसून पुढे बघताना ठरवायची, समोर उभं राहून नाही. भारतातली सवय अशी मुरलेली असते की घाईत उलटा आरसा काढला जातो. आणि पुण्याहून येणाऱ्या मित्राकडून स्वस्तात आरसा मागवायचा विचार सोडून द्या. तिकडच्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांचे आरसे, वायपर, डॅशबोर्डचे भाग इथे बसत नाहीत.

रांग नंबर आणि तारीख

साखळी यार्डांच्या साइटवर मेक, मॉडेल, वर्ष टाकलं की कुठल्या रांगेत कुठली गाडी आहे आणि ती मैदानात कधी मांडली ते दिसतं. रो५२ या साइटवर तर पिक-एन-पुलसारख्या यार्डांतल्या गाड्यांचे फोटोही असतात. फोटोत ज्या बाजूचा आरसा हवा तीच बाजू चेपलेली दिसली तर फेरी वाचली. हव्या त्या मॉडेलची गाडी आली की ई-मेल यावा अशी सोयही करून ठेवता येते.

सगळ्यात महत्त्वाचा रकाना तारखेचा. या आठवड्यात मांडलेली गाडी म्हणजे सगळं जागेवर. महिना झालेली कोरोला म्हणजे नुसती हाडं. लोकप्रिय गाड्यांना तर दोन-चार दिवसच पुरतात. एकाच यार्डात आपल्या पिढीच्या निदान तीन-चार गाड्या असतील तेव्हा जा, एकीवर भरवसा ठेवून नको. वार निवडता येत असेल तर मधला वार आणि सकाळ. मेमोरियल डे, चार जुलै, लेबर डे अशा सुट्ट्यांना काही साखळ्या अर्ध्या किमतीचा सेल लावतात. इंजिन किंवा दारं अशी जड, महाग वस्तू हवी असेल तर तो मोका साधावा. वीस डॉलरच्या आरशासाठी त्या गर्दीत शिरणं मला तरी पटत नाही.

बॅगेत काय

जपानी गाडीसाठी १०, १२, १४, १७ आणि १९ मिमीचे सॉकेट, रॅचेट, एक लांब आणि एक छोटं एक्स्टेन्शन. १० मिमीचे दोन घ्या, कारण एक हरवणारच. गाड्यांची कामं करणाऱ्यांचा जगभराचा विनोद आहे तो. फिलिप्स आणि चपटा स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, प्लॅस्टिकची ट्रिम पट्टी (लोखंडाने उचकटलं की कव्हरवर वळ उठतात), गंजलेल्या बोल्टसाठी पीबी ब्लास्टर हा स्प्रे, टॉर्च. जनरल मोटर्सच्या गाड्यांत टॉर्क्स (चांदणीच्या आकाराची टोकं) आणि १३, १५, १८ चे सॉकेट लागतात. जर्मन गाडी असेल तर आधी व्हिडिओ बघून कुठली बिट लागते ते पक्कं करा, तिथे अंदाज चालत नाही.

एवढं सगळं पहिल्याच फेरीला विकत घ्यायची गरज नाही. हार्बर फ्रेट या अवजारांच्या दुकानात सॉकेटचा साधा संच स्वस्त मिळतो, आणि ऑटोझोन किंवा ओ’रायली या पार्टच्या दुकानांत खास अवजारं अनामत भरून उसनी मिळतात. परत केली की पैसे परत.

याशिवाय झिपच्या पिशव्या, मार्कर, जाड हातमोजे, पाण्याची मोठी बाटली, टोपी. आपला तुटलेला पार्ट निघत असेल तर तोच बरोबर न्या. समोरासमोर धरून बघण्याइतकी खात्रीची दुसरी तपासणी नाही.

गेटवर

पुढून झाकलेले बूट नसतील तर आत सोडत नाहीत. चपला, सँडल घातलेला माणूस तिथूनच परत. लहान मुलांनाही आत सोडत नाहीत. वयाची अट यार्डागणिक वेगळी. एका कागदावर सही घेतात की आत लागलं-सवरलं तर जबाबदारी तुमची. हत्यारांची बॅग उघडून बघतात, जाताना आणि येतानाही. जॅक, ग्राइंडर, गॅस कटर चालत नाही. बॅटरीवरचा इम्पॅक्ट रेंच पुष्कळ ठिकाणी चालतो, पण साइटवर एकदा वाचून जा. बॅगेत आधीपासून गाडीचा एखादा पार्ट असेल तर तो आत जातानाच दाखवून खूण करून घ्या, नाहीतर बाहेर येताना त्याचे पैसे द्यायची पाळी येते. आत हातगाड्या आणि इंजिन उचलायची तिपाई यार्डाचीच असते.

गाडी कशाने मेली ते आधी ओळखा

रांगेत गाडी सापडली की लगेच पाना लावू नका. दोन मिनिटं तिच्याभोवती फिरा. इथे आलेली प्रत्येक गाडी काहीतरी कारणाने आलेली असते, आणि ते कारण कळलं की तिच्यातलं काय घ्यायचं ते आपोआप कळतं.

मागून जोरात ठोकलेली गाडी सगळ्यात चांगली, कारण ती धडकेच्या क्षणापर्यंत रस्त्यावर धावत होती. तिचं इंजिन, आल्टरनेटर, स्टार्टर, रेडिएटर यांवर विश्वास ठेवता येतो. उलट, बाहेरून एकही ओरखडा नसलेली, टायरसुद्धा बरे असलेली गाडी भंगारात का आली? बहुतेक इंजिनने किंवा गिअरबॉक्सने दगा दिला म्हणून. तिच्या इंजिनाच्या नादी लागू नका, पण दारं, दिवे, सीट, काचा बिनधास्त घ्या. ऑइलचं झाकण उघडून बघा. आतल्या बाजूला दुधी रंगाचा चिकट थर दिसला तर पाणी ऑइलमध्ये गेलेलं असू शकतं. कार्पेट ओलं, वास कुबट, सीटच्या रुळांवर ताजा गंज असेल तर गाडी पुरातली असू शकते. तिच्यातली विजेची एकही वस्तू घेऊ नये.

मग विंडशील्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात ऑइल बदलल्याचा छोटा स्टिकर शोधा. त्यावर पुढच्या सर्व्हिसची तारीख आणि मैल असतात, म्हणजे गाडी शेवटपर्यंत सांभाळलेली होती की वाऱ्यावर सोडलेली ते समजतं. ग्लोव्ह बॉक्समध्ये पुष्कळदा गॅरेजची बिलं तशीच पडलेली असतात. त्यात ‘आल्टरनेटर बदलला’ असं गेल्या वर्षीचं बिल निघालं तर लॉटरी लागली म्हणायची. बिल नसेल तरी डोळ्यांनी कळतं: सगळं इंजिन धुळकट, तेलकट आणि त्यात एकच भाग चकचकीत, अंगावर पार्टच्या दुकानाचा स्टिकर. मरायच्या आधी मालकाने त्याच्यावर पैसे घातलेले असतात.

पार्ट काढताना

उदाहरणादाखल आरसा घेऊ, कारण पहिल्या फेरीला याच्याइतकं सोपं काम नाही. दार उघडून आतल्या बाजूला आरशाच्या मागे त्रिकोणी प्लॅस्टिकचं कव्हर असतं. ट्रिम पट्टी कडेला सरकवून हलकेच ओढलं की ‘टक्’ करून क्लिपा सुटतात. मागे बहुतेक जपानी गाड्यांत १० मिमीचे तीन नट दिसतात. दोन काढा, तिसरा सैल करा, मग एका हाताने बाहेरून आरसा धरून तिसरा काढा. नाहीतर आरसा खाली आणि काच फुटली. वायरचा कनेक्टर काही मॉडेलांत तिथेच हाताला लागतो, काहींत दाराच्या पॅनेलच्या आत असतो. कनेक्टरची जीभ दाबायची, आधी किंचित आत ढकलायचं आणि मग ओढायचं. वायरला धरून ओढू नका.

काढण्याआधी मात्र कनेक्टरमधल्या पिना मोजा. काच फक्त फिरणाऱ्या आरशाला कमी पिना, आत हीटर असेल तर जास्त. पिना जुळल्या नाहीत तर आरसा बसेल, पण बटण काम करणार नाही.

पॅनेल काढावं लागलं तर स्क्रू लपवलेले असतात: एक आतल्या हँडलच्या कपामागे, एक आर्मरेस्टच्या तळाशी, काही गाड्यांत कडेलाही. ते निघाले की खालच्या कोपऱ्यापासून क्लिपा सोडवत वर या आणि शेवटी पूर्ण पॅनेल वर उचला. पॅनेल अडलं तर ताकद लावायची नाही, कुठेतरी स्क्रू राहिलाय असं समजायचं. आत प्लॅस्टिकचा पडदा काळ्या चिकट पट्टीने लावलेला दिसेल. खिडकीची मोटर आणि रेग्युलेटर (काच वर-खाली करणारी यंत्रणा) त्याच्यामागे, पुन्हा १० मिमीच्याच बोल्टांवर.

यार्डातली गाडी ही तालमीची जागा आहे. घरी आपल्या गाडीवर तेच काम करायचंय, तेव्हा इथे एखादी क्लिप तुटली तर बिघडलं कुठे? म्हणून घाई न करता काढा, प्रत्येक टप्प्याचा फोटो घ्या, स्क्रू पिशवीत टाकून वर ‘वरचा’, ‘खालचा’ असं लिहा. जास्तीच्या क्लिपा मागून घ्या. आपल्या दाराच्या हमखास तुटतात. आपल्या गाडीचा कनेक्टरच फुटलेला असेल तर इथला तीन-चार इंच वायरीसकट कापून घेता येतो, पण तो काउंटरवर दाखवायचा.

आल्टरनेटर काढायचा तर कोरोलाच्या १.८ इंजिनवर बेल्टच्या टेन्शनरला १९ चा पाना लावून बेल्ट सैल करायचा, मग १२ आणि १४ चे बोल्ट. हातात आला की पुली फिरवून बघा. खरखर आवाज किंवा अडखळणं जाणवलं तर तिथेच ठेवा. बाहेर पडल्यावर ऑटोझोन किंवा ओ’रायलीमध्ये आल्टरनेटर फुकट तपासून देतात; बसवायच्या आधी तेवढं कराच. होंडाचा रेडिओ घेत असाल तर त्याच्या अंगावरचा सीरियल नंबर टिपून ठेवा, वीज तुटली की तो कोड मागतो. इंजिनचा कंप्युटर मात्र नवख्याने आणू नये. किल्लीशी त्याची जोडी जमलेली असते आणि दुसऱ्या गाडीत तो गाडी सुरूच करू देत नाही.

मिशिगन, ओहायो, न्यूयॉर्कचा वरचा भाग इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे गाडीच्या पोटाखालचे बोल्ट गंजून एकजीव झालेले असतात. ब्लास्टर मारून दहा मिनिटं दुसरं काम करा आणि मगच जोर लावा. टेक्सास-जॉर्जियातल्यांना हा त्रास नाही. तिकडे उन्हाने प्लॅस्टिक ठिसूळ झालेलं असतं.

जिवाला जपा

गाड्या जुन्या लोखंडी रिम जोडून केलेल्या स्टँडवर ठेवलेल्या असतात. खाली शिरण्याआधी गाडी चारही बाजूंनी नीट टेकली आहे ना ते बघा, आणि बोल्ट सुटत नाही म्हणून गाडीला हिसके देऊ नका. शेजारच्या गाडीवर कोणी जोर लावत असेल तर तो जाईपर्यंत मधे वाकू नका. बॉनेटचे दांडे पुष्कळदा कोणीतरी काढून नेलेले असतात, तेव्हा बॉनेट उघडून आत डोकं घालायच्या आधी ते कशावर उभं आहे ते पाहा. उन्हाळ्यात आरशाच्या पोकळीत आणि पेट्रोलच्या झाकणामागे गांधीलमाशांची पोळी असतात. आधी टिचकी मारा, थांबा, मग हात घाला. प्रायससारख्या हायब्रिड गाडीत जाड नारिंगी केबल दिसली की हात मागे. तिच्यात २०० व्होल्टच्या आसपासची बॅटरी असते.

दुसऱ्याचा विचारही हवा. स्वस्तातला सेन्सर काढायला म्हणून चांगला रेडिएटर फोडून जाणारे महाभाग रोज भेटतात. आजूबाजूला काम करणारे बरेचसे लोक मेक्सिकन मेकॅनिक असतात, रोजच येणारे. अडलात तर नम्रपणे विचारा; भाषा येवो न येवो, कुठला बोल्ट राहिलाय ते बोटाने दाखवतात आणि लांब पानाही देतात.

काउंटरवर

दर कसा लागतो याकडे लक्ष ठेवा. आल्टरनेटरबरोबर ब्रॅकेट आणलात तर त्याचे वेगळे पैसे लागू शकतात, चाकात टायर असेल तर टायरचे वेगळे. नको असलेले भाग आतच काढून टाका. दरपत्रकावर डिकी ‘ट्रंक लिड’ किंवा ‘डेकलिड’ म्हणून शोधा आणि बॉनेट ‘हूड’ म्हणून.

वॉरंटी घ्यायची का? आरशा-दिव्यांना नको, ते डोळ्यांना दिसतात. आल्टरनेटर, स्टार्टर, मोटर यांना थोडे जास्त पैसे देऊन घ्या. पैसे सहसा परत मिळत नाहीत, ठरावीक दिवसांत बदली पार्ट किंवा यार्डाची क्रेडिट मिळते. पार्टवर पेनाने केलेली खूण पुसू नका, तीच पुरावा.

घरी बसवताना एक अडचण येऊ शकते. बऱ्याच अपार्टमेंटच्या लीजमध्ये पार्किंगमध्ये गाडी दुरुस्त करायला मनाई असते. आरसा दहा मिनिटांत बदलून होतो, कोणाच्या लक्षातही येत नाही. आल्टरनेटरसाठी मात्र गॅरेज असलेल्या मित्राचं घर गाठा. काम करण्याआधी बॅटरीची ऋण तार सोडा. आणि बिलात ‘कोअर’ म्हणून काही डॉलर जास्त लावलेले दिसले तर ती अनामत आहे: आपला जुना, मेलेला आल्टरनेटर पावतीसह यार्डात नेऊन दिला की ते पैसे परत मिळतात. म्हणून जुना पार्ट कचऱ्यात टाकू नका, आणि पावतीचा फोटो काढून ठेवा, कारण त्या कागदावरची शाई महिन्याभरात उडते.